मानेतलं नवं हाड

नावाच्या पाट्या पोचवायला ती जाई त्या कचेरीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबताना नेहमीसारखीच जराशी खाली बसली आणि पुन्हा वर आली. शेजारचा गृहस्थ फोनवर कुणाला तरी "पाठवतो की, पाठवतो की" म्हणत होता, त्याच्या बोलण्यात खंडही पडला नाही. पण तिच्या मानेच्या मुळातून काहीतरी निघालं आणि दोन्ही दंडांतून, कोपरांतून, मनगटांतून थेट बोटांच्या टोकांपर्यंत जाऊन विझलं. हातातली पिशवी सुटली. लिफ्टच्या दांडीत करंट उतरला असेल असं तिला आधी वाटलं, पण दांडीला तिचा हात लागलाच नव्हता. गृहस्थानं फोन खांद्यात धरून पिशवी उचलून दिली आणि पुन्हा "पाठवतो की" सुरू केलं. दार उघडलं. ती बाहेर आली, कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळूच, एखाद्या दुसऱ्याच बाईची मान असावी तशी, मान खाली वाकवून पाहिली. पुन्हा तेच. वीज नव्हे, वीज म्हटली तर तिच्यात काही थाट असतो. हे म्हणजे कुणीतरी आतल्या आत सुई ओढत नेल्यासारखं, सराईतपणे, एका दमात. अशी एका दमातली रेघ तिला चांगली ओळखीची होती. ती रेघा ओढूनच पोट भरत होती.

घरातली कोरीवकामाची खोली एवढीशी होती: एक खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर वाळू भरलेली कातड्याची उशी, उशीवर पितळी पाटी. पाटी उशीवर ठेवायची आणि कोरणी स्थिर धरून उशी फिरवायची, म्हणजे वळण आपोआप गोल येतं. नवशिके कोरणी फिरवायला जातात. दारांवरच्या पाट्या, अंगठ्यांच्या आतली अक्षरं, स्पर्धांच्या कपांवरची विजेत्यांची नावं आणि कागदावर उठवायचे ठसे, ज्यांत नाव उलटं कोरावं लागतं. ठशांमुळे तिला माणसांची नावं उलटीच लवकर वाचता येत. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला सरळ अक्षरं यायच्या आधी उलटी शिकवली होती. तत्पूर्वी नुसती टिंबं. पितळेच्या टाकाऊ तुकड्यांवर एका अंतरानं, एका खोलीची टिंबं. त्यावरून तिचं नाव टिंबी पडलं ते पडलंच. पंचेचाळीशी उलटली तरी घरात ती टिंबीच होती, आणि घरात आता हाक मारणारे अप्पाच तेवढे उरले होते.

त्या दिवशी तिने पाटी उशीवर ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि मान घातली. मान घातली की जग तेवढंच उरतं, पितळेच्या पिवळ्या उजेडाएवढं. आणि डोळ्यापासून पाटीपर्यंतचं अंतर एक वीत. तिची नव्हे, अप्पांची वीत. ती जेमतेम टेबलापर्यंत पोचू लागली तेव्हापासून अप्पा मागे उभे राहून ती वीत मोजत आले होते. अंगठा तिच्या भुवईला, करंगळी पाटीला. "मान वर आली की रेघ वर आली," ते म्हणत. मग मोजणं थांबलं आणि नुसता अंगठा राहिला. मान जराही वर आली की अंगठा मागून येई. अप्पांनी तिला कधी मारलं नाही. हे चारचौघांत सांगण्यासारखं होतं आणि ते सांगतही. अंगठा फक्त मानेच्या मुळाशी, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात येऊन बसे आणि दाबू लागे. घाई न करता. नाक पितळेला लागेपर्यंत. मग तिथेच राही. पितळेला एक वास असतो, तोंडात नाणं धरल्यासारखा. तो वास नाकातून घशात उतरे आणि तिला वाटे, आता मला श्वास घ्यायला परवानगी मागावी लागेल. स्वयंपाकघरातून आई म्हणे, "अहो, तिला आज ताप आहे." ताप नसे. आईनं तिच्यापायी किती खोटं बोलावं? ताप, पोटदुखी, शाळेतल्या बाईंचं बोलावणं. आईला त्या खोट्याचा दोष लागत असेल तर तो आपल्या खात्यावर आहे, असं तिला मोठेपणी वाटू लागलं, आणि आई गेल्यावर तिने नेम धरला: रोज सकाळी कोरणीला हात लावण्याआधी डोळे मिटून, हात जोडून, आजच्या दिवसात एकही खोटा शब्द तोंडातून जाऊ देणार नाही. जन्मभराचा शब्द द्यायची तिची हिंमत नव्हती. आजचा दिवस, इतकाच. उद्याचा उद्या. असे दिवस जोडत जोडत तो नेम इथवर आला होता आणि कुणाला ठाऊकही नव्हता.

कोरणी घसरली. घसरली असं कळलं ते रेघ दिसल्यावर. हाताला कळलंच नाही. एका वकिलाच्या आडनावातून आरपार, कानामात्रांना न जुमानता, पाटीच्या कडेपर्यंत चकचकीत ओरखडा गेला होता. तिने बोटं एकमेकांवर घासून पाहिली. हातमोजे घातल्यासारखी. मग आठवू लागलं. ब्लाउजची बटणं हल्ली वेळ खातात. परवा भाजी चिरताना सुरी नुसतीच पडली. जिना उतरताना गुडघे वाकायला नाखूश असतात. या सगळ्याला ती वय म्हणत आली होती. कपांचं दुकान चालवणारा माणूस (त्याला ती आणि अप्पा आपसांत कपवाला म्हणत) दुपारी आला तेव्हा तो ओरखडा बघून म्हणाला, "ताई, प्रेमातबिमात पडलात की काय? हात थरथरतोय." ती म्हणाली, "नाही." तो हसला. "अहो, नाही म्हणायला एवढा विचार? पण खरंच दाखवा कुणाला तरी. तुमच्या हाताला काही झालं तर आमच्या विजेत्यांनी काय निनावी जिंकायचं?"

डॉक्टर बाई तिच्याहून लहान होत्या आणि बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करत होत्या. पडद्यावर तिची मान लावलेली होती. बाजूनं कापल्यासारखी. स्वतःची मान अशी आतून बघणं तिला थोडं असभ्य वाटलं.

"ही मणक्यांची ओळ," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मणक्यांच्या पाठच्या अंगानं, पोकळीच्या आत, वरपासून खालपर्यंत एक पट्टी असते. मणके एकमेकांना धरून राहावेत म्हणून. मऊ पण चिवट."

"कुठे आहे?"

"खरं म्हणजे या फोटोत ती अशी दिसायलाच नको. अशी पांढरीफेक दिसतात ती हाडं." टोपण मिटलं. "तुमची दिसतेय. तिचं हाड झालंय."

तिने पाहिलं. मणक्यांच्या मागे पांढऱ्या रंगाची एक जाड रेघ होती, कुठे फुगलेली, कुठे तुटलेली, पुन्हा सुरू झालेली. कुणी नवशिक्यानं ओढली असती तर अप्पांनी पाटी फेकून दिली असती.

"मान वाकवली की ही पट्टी ताणली जाते," डॉक्टर सांगत होत्या. "वर केली की सैल. तिच्यातल्या पेशी जिवंत असतात, त्यांना तो ताण कळतो. काही माणसांत त्या पेशी ताणाला भलतंच उत्तर देतात. हाड घालायला लागतात. जिथे ओढ जास्त, तिथे जास्त. हे प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या पट्टीतल्या पेशी रबराच्या पातळ पडद्यावर वाढवतात आणि यंत्रानं तो पडदा ताणत राहतात. ताण, सोड, ताण, सोड. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या पेशी हाडाच्या तयारीला लागतात. इतरांच्या नुसत्या ताणल्या जातात. त्यांना काही होत नाही."

तिला तो पडदा दिसला. काचेच्या झाकणाखाली, उबेत, नुकत्याच जन्मलेल्या, कुणाचं काही न बिघडवलेल्या त्या पेशी आणि त्यांना मागून ओढणारं यंत्र. त्या बिचाऱ्यांना एवढंच कळलं असेल की आपल्याकडून काहीतरी हवंय, आणि काय हवंय ते कुणी सांगत नाही. मग त्यांनी त्यांच्या बुद्धीप्रमाणे घट्ट व्हायचं ठरवलं. शहाण्या मुली. तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि मागून कुणी दाबलं तर? मानेवर. लहानपणी, रोज?"

टोपण थांबलं. "मारायचं का कुणी?"

"नाही. दाबायचं. मान खाली राहावी म्हणून."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता. आता ही बाई म्हणेल हो, आणि त्या पांढऱ्या रेघेखाली सही होईल. एवढी वर्षं मानेतल्या त्या खळग्याचा राग तिने जपून ठेवला होता, कुणाला न दाखवता, तिच्या मालकीची ती एकच वस्तू असावी तसा. "त्यानं झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच पुढे इतकी वर्षं वाकून काम केलंत, त्या ताणापुढे ते काहीच नाही. आणि तो ताणसुद्धा एकटा पुरत नाही. जगात कितीतरी माणसं वाकून काम करतात. मुळात अंगात ते असावं लागतं. घरात कुणाची मान ताठ आहे? वळत नाही अशी?"

अप्पा कपाटासारखे वळत. कुणी बाजूनं हाक मारली की पावलं उचलून सगळे वळत, खांद्यांसकट. लहानपणी ती आणि धाकटा भाऊ त्यांच्या मागे उभे राहून तोंडं वेडीवाकडी करत, कारण ते वळेपर्यंत तोंड सरळ करायला भरपूर वेळ मिळे. "वडिलांची," ती म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं.

"मग त्यांचाही फोटो काढून घ्या कधीतरी. बहुतेक तिथूनच आलं असणार. कुणी मुद्दाम देत नाही हो असलं." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता माझं नीट ऐका. मज्जारज्जूला इथे जागाच राहिलेली नाही. ऑपरेशन करून जागा करून देऊ. आज हातात जे आहे ते त्यानं राखता येईल, कदाचित थोडं परतही येईल. पण तोवर पडायचं नाही. साधं घसरून बसलात तरी हात जातील. पायही जाऊ शकतात, आणि गेलेले मला परत आणता येणार नाहीत. जिन्यात, न्हाणीत, कुणाचा तरी हात धरून चाला. घरी कोण असतं?"

"अप्पा."

"झालं तर मग. त्यांचा हात धरा."

"नंतर कोरता येईल?"

"मान वर ठेवून जेवढं येईल तेवढं."

ती हसली. डॉक्टरांना ते हसू बरं वाटलं असावं. त्यांनीही हसून टोपण लावलं.

घरी येईपर्यंत वाटेत तिला एखाद्या घरातून सामान उचलून नेल्यावर भिंतींवर जशा फिकट चौकटी उरतात तसं वाटत होतं. अंगठ्याचा राग करता येतो. रक्ताचा कसा करायचा? अंगठा अप्पांचा होता. त्यांनी तो त्यांच्या इच्छेनं ठेवला होता आणि त्यांच्या इच्छेनं दाबला होता. रक्त तर त्यांनाही कुणीतरी न विचारताच दिलेलं. म्हणजे त्यांच्या मानेतही तीच पांढरी रेघ असेल, त्यांच्या उस्तादानं त्यांना वाकवलं असेल, आणि आता तिने पुढे होऊन, समजूतदारपणे, त्यांच्या शेजारी बसायचं? आजारी म्हणून? एका जातीचे दोघे? रस्त्यात एक बाई मुलाच्या मानेला धरून त्याला गर्दीतून पुढे नेत होती, प्रेमानंच, आणि मूल वाकून हसत होतं. त्याला काही होणार नव्हतं. तो त्या इतरांतला होता, नुसता ताणला जाणारा. तिला त्या मुलाचा इतका हेवा वाटला की ती पदपथाच्या कडेला थांबली.

अप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मोतीबिंदू दोनदा काढून झाला होता, कोरणी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या पुऱ्या झालेल्या पाट्या ते रोज हातात घेत. अंगठ्याचं नख अक्षरांच्या कडेकडेनं फिरवत आणि कुठे बारीकशी खरखर राहिली असेल तिथे नख थांबे. बोलत काही नसत. नख थांबलं की तिला कळे.

"काय म्हणाली ती बाई?"

"मानेत हाड वाढलंय."

"मानेत हाड असतंच की."

"हे नवं. नसायला हवं तिथे."

"कशानं?"

"वाकून वाकून. मणक्यांमागे एक पट्टी असते. ती ताणली जाते. ताणून ताणून तिचं हाड होतं." यातला शब्दन् शब्द खरा होता.

अप्पांचं नख पाटीवर थांबलं. तिथे खरखर नव्हती. "तू लहानपणापासून वाकतेयस," ते म्हणाले.

"हो."

"मी वाकवलं."

"हो."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. गाडी टूं टूं करत राहिली आणि थांबली. "म्हणजे माझ्या हातानं झालं," अप्पा म्हणाले. इथे खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ती त्यांच्या बाजूला उभी होती आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, कारण वळायचं तर उठावं लागलं असतं. त्यांच्या गालाचा तिला दिसणारा भाग हलत होता, आतून कुणी चघळत असल्यासारखा. तो शब्द तिच्या जिभेवर आला, तिला त्याची चवसुद्धा लागली. मग ती म्हणाली, "चहा ठेवते." आणि खरंच ठेवला. झोपण्याआधी दिवसाचा झाडा घेताना तिने सगळे शब्द पुन्हा एकेक करून तपासले, उजेडात धरून, कडा बघून. एकही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी पाट्यांना हात लावणं सोडलं. तिने पुरी झालेली पाटी रोजच्यासारखी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे. "बघा ना, कडा कशा आल्यात," ती म्हणाली. "तू बघ. तुला कळतं," ते म्हणाले. तुला कळतं! हे दोन शब्द ऐकायला तिने कितीक पाट्या कोरल्या होत्या, बक्षिसं, दारं, लग्नं, मृत्यू, सगळ्यांची नावं. आता मिळाले तेव्हा ते असे मिळाले. गोड लागायचे ते लागलेच. ती रोज पाटी ठेवू लागली. त्या पाट्या वाईट होत चालल्या होत्या, अक्षरांच्या पोटात थरथर दिसायची, आणि अप्पांनी एकदा नख फिरवलं असतं तर त्यांना ती कळली असती. पण हात मांड्यांखालीच असत. तिला त्यांचे हात तिथे बघावेसे वाटत. चहाचा कप ती मुद्दाम थोडा लांब ठेवी, म्हणजे ते एक हात बाहेर काढतात की नाही ते दिसेल. काढत, कप संपवत, हात परत आत. ती इतक्या मऊपणे "आणखी देऊ?" म्हणे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाप-लेकीचं किती चांगलं चाललंय.

धाकट्याचा फोन आला. तो लांब राहत होता. त्याला कोरीवकाम शिकवलं नव्हतं, शाळेत घातलं होतं. "ताई, मी गाडी घेऊन येतो सकाळी, ज्या दिवशी दाखल व्हायचंय त्या दिवशी. काळजी करू नकोस. पण अप्पांचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"म्हणजे तू तिकडे असताना. जेवणबिवण."

"त्यांना हात आहेत," ती म्हणाली.

"तसं नाही गं. बरं, त्यांना दे जरा फोन." धाकट्यानं अप्पांना काय सांगितलं, ती पडता कामा नये हेच, ते तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दिवसापासून घरातली पायपुसणी नाहीशी झाली. न्हाणीबाहेर पाणी सांडलेलं असलं तर अप्पा फडकं पायाखाली धरून, भिंतीला टेकून, ते सरकवत सरकवत पुसत. वाकता येत नव्हतं त्यांना. ती जिना उतरू लागली की मागे त्यांची पावलं येत. एकदा जिन्याच्या वळणावर तिचा डावा पाय ओढला गेला, ती भिंतीला धरून सावरली, आणि मागून तिच्या कोपराखाली एक तळवा आला. कोरडा, रुंद, हलका. इतका हलका तो कधीच नव्हता.

"हात लावू नका," ती म्हणाली.

आवाज तिने चढवला नाही. ती कधीच चढवत नसे. तव्यावरून काढावा तसा तळवा निघाला. त्या तीन शब्दांत खोटं काही नव्हतं. ती आज्ञा होती, आणि आज्ञा खरी किंवा खोटी नसते. उरलेला जिना ती एकेक पायरी उतरली आणि मागची पावलं तिच्या पावलांबरोबर थांबत, तिच्या पावलांबरोबर उतरत राहिली. तळाशी पोचून ती सगळीच्या सगळी वळली तेव्हा अप्पांनी हात पाठीमागे बांधले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून, एखाद्याला पकडून आणल्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा तिच्या मागे उभे होते आणि तिची मान मोकळी होती. तिने ती जेवढी वर होत होती तेवढी वर केली. दुकानाला जायचं होतं, ऊन होतं, शेजारच्या शिलाईवाल्या बाईनं खिडकीतून विचारलं, "काय अप्पा, लेकीवर पहारा का?" अप्पा म्हणाले, "हो." ती हसली. घरी परतल्यावर मात्र जेवताना घास हातातून निसटून ताटात पडला, पुन्हा उचलला, पुन्हा पडला, आणि समोर बसलेल्या अप्पांचा उजवा हात ताटावरून अर्धा उठला आणि पुन्हा खाली गेला.

देवापुढे उभं राहताना मन खाऊ लागलं ते नंतर. आधी नुसती कुरकुर होती, कडेला राहिलेल्या खरखरीसारखी, की न बोलणं आणि खोटं न बोलणं हे एकच का? ती म्हणे, मी शब्दाचा नेम धरलाय, गप्प बसण्याचा नाही. मग आई आठवे, स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत "तिला ताप आहे हो" म्हणणारी. आईनं खोटं बोलून तिची मान सोडवली होती. तिने खरं बोलून बापाचे हात बांधले. देवाकडे हे कसं मांडलं जात असेल? एके सकाळी हात जोडले तर नेमाचे शब्द पुढे सरकेनात. ती उभीच राहिली. तिला वाटत होतं की देव आपल्याकडे बघत नाहीये; तिच्या मागे, जरा बाजूला कुणीतरी उभं आहे त्याच्याकडे बघतोय.

दाखल व्हायच्या दिवशी मात्र ती शांत जागी झाली. ठरलं होतं. जाण्याआधी सांगून जायचं, एवढंच. भुलीतून माणूस उठला नाही तर ते तसंच राहील, आणि तसंच राहिलं तर अप्पा उरलेले दिवस हात मांड्यांखाली घेऊन बसतील. हे चित्र आता तिला पाहवत नव्हतं. कधीपासून पाहवत नव्हतं ते तिला आठवेना. वाक्य तिने तयार करून ठेवलं, साधं, कुठे नक्षी नाही. खाली धाकट्यानं गाडी लावून हॉर्न दिला. पिशवी त्यानं आधीच नेली होती. अप्पा तिच्या मागे बोळकंडीत उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांना कुणी बरोबर बोलावलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"टिंबे, सावकाश," ते म्हणाले.

"अप्पा," ती म्हणाली, "त्या बाई आणखी एक म्हणाल्या होत्या." त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायचं होतं. म्हणून ती वळली. मान येत नव्हती म्हणून खांद्यांसकट, पावलं उचलून, कपाटासारखी वळली. डावा पाय मागे राहिला. उजवा त्याला अडकला. आणि ती पुढे, त्यांच्याच दिशेनं, जाऊ लागली. पडताना एवढा वेळ मिळतो हे तिला ठाऊक नव्हतं. इस्त्रीच्या घड्या दिसल्या. दोन्ही बाजूंनी त्यांचे हात पुढे येताना दिसले. पंजे उघडलेले, पुरेसे जवळ, तिचं सगळं वजन पेलतील असे अजूनही रुंद. ते तिच्या खांद्यांपर्यंत आले. मग थांबले. आणि मागे गेले. घाईनं, काखांत, घट्ट.

दुखलं नाही. फरशी गालाला लागली, गार लागली, म्हणजे गाल होता. त्याखाली बरंच काही असायला हवं होतं. हात कुठे आहेत ते बघावं म्हणून तिने प्रयत्न केला आणि तो प्रयत्न कुठे पोचलाच नाही, पत्ता चुकलेल्या माणसासारखा आतच फिरत राहिला. समोर अप्पांची पावलं होती, जुन्या वहाणांतली. वरून आवाज आला; तो तिच्याकडे येत नव्हता, समोरच्या भिंतीकडे जात होता, कारण खाली बघायचं तर त्यांना मान वाकवावी लागली असती.

"टिंबे? लागलं का गं?" आणि मग भराभरा, "मी हात नाही लावला. बघ. नाही लावला मी. लावला असता तर आणखी काही झालं असतं." खाली हॉर्न वाजला. "आता लावू का? टिंबे? सांग ना, लावू?"

वाक्य तयार होतं. सकाळपासून ते तिच्या तोंडात घासूनपुसून ठेवलेलं होतं आणि त्यात आता काही बदलायला जागाच नव्हती. आता ते बोललं तर कुणाचं भलं होणार, असा विचार तिच्या मनात आला. तो विचार पुरता ओळखीचा होता आणि तिने त्याला बाजूला केलं. आजच्या दिवसाचा नेम तिने सकाळीच घेतला होता. तिने ओठ हलवून पाहिले. ते हलत होते.

"अप्पा," ती म्हणाली, नेहमीच्या मऊ आवाजात, "तुमच्या हातानं झालं नव्हतं. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या."

जिन्यात धाकट्याची पावलं वाजू लागली, दोन दोन पायऱ्या घेत. तिला अप्पांचा चेहरा बघायचा होता. फार बघायचा होता. समोर त्यांच्या पायाची बोटं वहाणेच्या कातड्यात आवळली गेली, सुटली, पुन्हा आवळली गेली, आणि तेवढंच तिला दिसत राहिलं.